नव्या वर्षाचा संकल्प आणि घरचा स्वयंपाक

नवे वर्ष आले की संकल्पांना उधाण येते. पहाटे उठण्याचा, रोजनिशी लिहिण्याचा, इंग्रजी सुधारण्याचा, व्यायामाचा असे संकल्प आपण सर्वांनीच कधी ना कधी केलेले आहेत. कोणी ते एक जानेवारीला करतो, कोणी गुढीपाडव्याला. व्यापारी मंडळी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करून नवा हिशेब मांडतात. परंतु घरच्या स्वयंपाकाविषयी कोणी संकल्प केल्याचे मी फारसे ऐकले नाही. याचे कारण मला असे वाटते की, स्वयंपाक ही आपल्या दृष्टीने 'होणारी' गोष्ट आहे. 'करावयाची' गोष्ट नाही. सूर्य उगवतो, नळाला पाणी येते, तसा स्वयंपाक होतो. जी गोष्ट आपोआप होते, तिच्याविषयी संकल्प कशाला?

पण स्वयंपाक आपोआप होत नाही. तो कोणीतरी करते. आणि दिवसातून दोन वेळा, वर्षातून सातशेहून अधिक वेळा जी गोष्ट घडते, ती काय दर्जाची आहे, कोणाच्या श्रमावर उभी आहे आणि तिच्यातील ज्ञान पुढच्या पिढीकडे जात आहे की नाही, याचा विचार महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी करू नये असे थोडेच आहे? गेल्या पाडव्याला आमच्या घरी आम्ही असा विचार करून काही उद्दिष्टे ठरविली. त्या प्रयोगाची हकीगत आणि त्यामागील शास्त्र यांचा मेळ घालून हा लेख लिहीत आहे.

संकल्पाची अंगे

संकल्प हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मूळ धार्मिक विधीत त्याला एक काटेकोर बांधणी आहे. पूजेला बसलेला यजमान हातात पाणी घेतो आणि गुरुजी त्याच्याकडून संकल्प वदवून घेतात. त्यात प्रथम देश आणि काळ यांचा उच्चार होतो: कोणता प्रदेश, कोणते संवत्सर, कोणता ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग करणाऱ्याचे नाव आणि गोत्र. मग हेतू, म्हणजे हे कशासाठी करावयाचे. आणि शेवटी नेमके कर्म. एवढे सारे स्पष्ट झाल्यावरच उदक सोडावयाचे. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एखादे काम हाती घेताना काय काय ठरवावे लागते याची ही उत्तम यादी आहे.

आता 'यंदा पौष्टिक खाऊ' हे वाक्य या यादीला लावून पाहावे. कोठे, केव्हा, कोणी, कशासाठी, नेमके काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. म्हणून ते वाक्य चैत्र सरेपर्यंत विरून जाते. याउलट, 'दर बुधवारी आणि शनिवारी बाबा मटकी भिजवतील, म्हणजे आठवड्यातून दोनदा मोडाची उसळ होईल' या वाक्यात पाचही अंगे आहेत. ते पाळले गेले की नाही हे कोणीही सांगू शकेल. उद्दिष्ट आणि सदिच्छा यांतील फरक एवढाच आहे.

आधी मोजणी

उद्दिष्ट ठरविण्यापूर्वी आज आपण कोठे आहोत हे कळले पाहिजे. आमच्या अर्थशास्त्राच्या बाई नेहमी सांगतात की, ज्याची नोंद नाही त्याची चर्चा म्हणजे गप्पा. म्हणून फाल्गुनात मी एक साधी शंभर पानी वही घेतली आणि चौदा दिवस, म्हणजे अठ्ठावीस जेवणे, नोंदली. रकाने पाच केले: काय केले, कोणी केले, किती वेळ लागला, काय उरले, आणि सर्वांत शेवटी कोण जेवले. हा शेवटचा रकाना सहज सुचला म्हणून घातला होता. पण पुढे तोच सर्वांत बोलका ठरला.

आमचे घर सोलापुरात. माणसे पाच: आजी, आई, बाबा, अकरावीतला धाकटा भाऊ आणि मी. चौदा दिवसांची बेरीज अशी निघाली. अठ्ठावीसपैकी अकरा जेवणांत बटाटा होता. पालेभाजी तीनदा. मोडाची उसळ दोनदा. भाकरी पाचदा, तीही आजीने केली म्हणून. बाकी सर्व वेळी गव्हाची पोळी. 'कोणी केले' या रकान्यात सव्वीस वेळा 'आई' असे लिहिलेले होते. 'शेवटी कोण जेवले' यात तेवीस वेळा 'आई'.

वही मी जेवणानंतर सर्वांसमोर वाचली. बाबा म्हणाले, "हे असंच असणार, त्यात नवल काय?" आई काही बोलली नाही. ती ओट्याकडे वळली आणि तिने भांडी आवरायला घेतली. त्या दिवशीही तो पाचवा रकाना तिच्याच नावाने भरला होता.

आमचे घर काही जगावेगळे नव्हे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के आणि पुरुषांत २६.१ टक्के आढळले. जे हे काम करतात त्यांच्यापैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात असेही दिसले. २०२४ साली पुन्हा अशीच पाहणी झाली. तेव्हा स्त्रियांची मिनिटे २८९ झाली होती. पण पुरुषांचीही कमी होऊन ८८ वर आली होती. म्हणजे स्त्रियांचा वेळ दहा मिनिटांनी वाचला तो पुरुषांनी हात लावल्यामुळे नव्हे, हे उघड आहे. स्वयंपाकाचे कोणतेही उद्दिष्ट ठरविताना हे आकडे डोळ्यांआड केले, तर 'यंदा रोज ताजे, चारी ठाव जेवण' यासारखा संकल्प म्हणजे एकाने सोडलेले उदक आणि दुसऱ्याने उपसलेले पाणी असे होईल. म्हणून आमचा पहिला नियम ठरला: आईच्या कामात भर घालणारे एकही उद्दिष्ट ठेवावयाचे नाही.

पुस्तकांचे साहाय्य

मराठीत पाकशास्त्राच्या छापील पुस्तकांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे १९१० सालचे. आणि १९७० साली आलेले कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' तर मराठी घरांत इतके रुजले की, लग्नात मुलीला देण्याच्या वस्तूंत त्याची गणना होऊ लागली.

या पुस्तकांकडे केवळ पाककृतींचे संग्रह म्हणून न पाहता मापांचा इतिहास म्हणून पाहावे. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याआधी शेर, पावशेर, तोळा यांचा व्यवहार होता. मापे बदलली तेव्हा एका पिढीच्या हातचे अंदाज दुसऱ्या पिढीला परके झाले. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरोघरी असणारी मापे धरून ही अडचण मोठ्या प्रमाणावर सोडवली. स्वयंपाक येत नसलेल्या मुलीला पुस्तकावरून करता यावा, हे त्यामुळे शक्य झाले. आज मोबाईलवर पाककृतींचा पूर आला आहे. पण पुरात पाणी पुष्कळ असले तरी पिण्याजोगे थोडेच असते. शिवाय आपल्या घरची चव पुस्तकात नसते आणि मोबाईलवरही नसते. ती घरातल्या एखाद्या हातात असते. त्याविषयी पुढे येईलच.

पहिले उद्दिष्ट: भाकरी

सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, आणि सोलापूरची कडक भाकरी व शेंगांची चटणी बाहेरगावी कौतुकाने नेली जाते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आणि त्याच सोलापुरातल्या आमच्या घरी अठ्ठावीस जेवणांत भाकरी फक्त पाचदा! कारण शोधले तेव्हा ते आवडीचे नव्हते, कौशल्याचे होते. पोळी डब्यात मऊ राहते, आणि ती घरात दोघींना येत होती. भाकरी ज्वारीच्या पिठाची, तापल्या तव्यावरची, आणि ती फक्त आजीला निगुतीने जमत होती.

भाकरी अवघड का, हे शास्त्राने पाहू. गव्हाच्या पिठात ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन तयार होते. त्यामुळे कणीक ताणली जाते आणि लाटता येते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत ग्लूटेन नाही. म्हणून त्यांचे पीठ लाटताना तुटते. ते थापावे लागते. कढत पाणी घातले की पिठातील स्टार्चचा काही भाग शिजून चिकट होतो आणि ग्लूटेनची उणीव थोडीफार भरून निघते. तळहाताच्या टाचेने रगडून मळणे यासाठीच. जुन्या पिठाची विरी जाते, असे आजी म्हणते. म्हणून दळण थोडे आणि ताजे हवे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतात, त्याने तो पृष्ठभाग लगेच वाळून तडकत नाही. मग उलटून शेकली की आतल्या पाण्याची वाफ होते, ती वरचा पापुद्रा उचलते आणि भाकरी फुगते. पापुद्र्याला कोठे भोक पडले की वाफ निसटते आणि भाकरी बसते.

एवढे समजले की भाकरी ही दैवी देणगी राहत नाही. ती शिकण्याची गोष्ट होते. भावाने आणि मी असे ठरविले की, चैत्रात वाटीएवढी भाकरी, वैशाखात ताटलीएवढी, ज्येष्ठात पुरती. आणि आषाढ संपेपर्यंत सलग पाच भाकऱ्या फुगल्या पाहिजेत. आजी परातीशेजारी पाटावर बसून सांगायची, "पोरा, हात फिरव, परात नको फिरवू." भाऊ आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात पाच भाकऱ्यांना पोचला, मी त्याच्या मागून चार दिवसांनी.

दुसरे उद्दिष्ट: मोड

धान्य आणि कडधान्य एकत्र खाण्याची आपली रीत पोषणाच्या दृष्टीने मोलाची आहे. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते; डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते. उलट डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, ती तृणधान्यांत असतात. भाकरी-उसळ, वरण-भात, खिचडी ही जोडपी म्हणूनच शोभतात. मोड आणल्याने आणखी दोन फायदे होतात: कोरड्या दाण्यात नसल्यासारखे असणारे क जीवनसत्त्व निर्माण होते, आणि लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते. मात्र उसळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाकू नये. त्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होते.

हे काम बाबांकडे दिले, कारण त्याला विस्तव लागत नाही. फक्त आठवण लागते. रात्री नऊला मटकी निवडून, धुऊन भिजत घालावयाची. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड हजर. पहिल्या महिन्यात बाबा वारंवार विचारीत, "आज बुधवार ना?" आता विचारीत नाहीत. मटकीचा, मुगाचा, हुलग्याचा डबा कोणता आणि त्यात किती शिल्लक आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

तिसरे उद्दिष्ट: लोह

हे उद्दिष्ट मैत्रिणींनी विशेष लक्ष देऊन वाचावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या वर्गात शंभर मुली धरल्या, तर हे प्रमाण काय सांगते ते प्रत्येकीने मनाशी ताडून पाहावे. तासाला बसल्यावर येणारी ग्लानी, जिना चढताना लागणारा दम, यांना आपण 'जागरण' असे नाव देतो.

स्वयंपाकघरात याविषयी करण्यासारख्या चार गोष्टी आम्ही ठरविल्या. एक, आठवड्यातून किमान चार वेळा पालेभाजी: माठ, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, ऋतूप्रमाणे. भाजी आधी धुवावयाची, मग चिरावयाची; चिरून धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. दोन, माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढली; तीत शिजविलेल्या, विशेषतः आंबट पदार्थांत थोडे लोह उतरते. फक्त भाजी तीत ठेवून द्यावयाची नाही, लगेच काढून घ्यावयाची. तीन, पानात लिंबाची फोड किंवा आवळा. क जीवनसत्त्वामुळे शाकाहारातील लोह अंगी लागण्यास मदत होते. चार, जेवणाला जोडून चहा नाही, कारण चहा हे लोहाचे शोषण रोखतो. दुपारच्या जेवणावर अर्धा कप चहा ही आईची जुनी सवय. तो कप आता चार वाजता होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांना रक्तक्षय आहे त्यांनी केवळ भाजीवर विसंबू नये. तपासणी करावी, डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्याव्यात. आहार हा औषधाचा सोबती आहे, पर्याय नव्हे.

आणि पाचवी गोष्ट पाककृतीची नाही, पंक्तीची आहे. जी सर्वांना वाढून शेवटी बसते, तिच्या वाट्याला भाजीचा तळ येतो. तेव्हा रात्रीचे जेवण सर्वांनी एकदम बसावयाचे, भांडी मध्ये ठेवावयाची, ज्याने त्याने वाढून घ्यावयाचे, असे ठरले. सर्व उद्दिष्टांत हे सर्वांत स्वस्त, आणि पाळावयास सर्वांत अवघड.

चौथे उद्दिष्ट: आजीचा मसाला

आमच्याकडे वर्षाचा काळा मसाला वैशाखात होतो. मिरच्या तेव्हा नव्या असतात आणि ऊन कडक असते. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. धणे, खोबरे, तीळ, दगडफूल, तमालपत्र आणि बाकीचे जिन्नस वेगवेगळे भाजावयाचे. कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी. तीळ तडतडले की पुरे, खोबरे तांबूस झाले पाहिजे, दगडफूल तर नुसते तेलावर फिरवावयाचे. हे सारे आजीच्या हातात होते, आणि तिची मापे म्हणजे मूठ, चिमूट, 'एवढंसं' आणि 'वास सुटेपर्यंत'.

या वैशाखात मी तिच्याशेजारी तराजू घेऊन बसले. तिने मूठ भरली की ती आधी माझ्या वाटीत, मग कढईत. धण्यांची तिची मूठ मी तीन वेळा तोलली. तिन्ही वेळा काटा पंचवीस ग्रॅमच्या आसपासच थांबला. ज्याला आपण 'अंदाज' म्हणतो तो किती नेमका असतो, हे मला त्या दिवशी कळले. साठ वर्षांच्या सरावाने तिच्या हाताचाच तराजू झाला होता. फक्त त्यावर आकडे कोरलेले नव्हते. 'वास सुटेपर्यंत' याचे काय करावे हा प्रश्न उरलाच. तेव्हा मी प्रत्येक जिनसापुढे वेळ, आच आणि रंग लिहिले, आणि 'धण्यांचा वास आधी कच्चा, मग गोडसर, मग खरपूस; गोडसरच्या पुढे जाऊ नये' अशी शब्दांतली खूण नोंदली.

आश्विनात आजीच्या उजव्या हाताला कंप सुटला. आता तिला भाकरी थापता येत नाही, मूठही पूर्वीसारखी भरत नाही. ती सांगते आणि आम्ही करतो. वहीतली ती सात पाने वैशाखात लिहिली गेली नसती, तर पुढच्या वैशाखात ती कोणाला लिहिता आली असती? वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा एखादा हात आहे, त्यांनी या एका उद्दिष्टाला तरी पुढच्या वर्षाची वाट पाहायला लावू नये. येसराचे, म्हणजे भाजलेली धान्ये, डाळ आणि मसाले दळून ठेवतात त्या पिठाचे प्रमाणही लिहावयाचे होते. आजीच्या दुखण्यामुळे ते राहिले. ते येत्या वर्षाच्या यादीत पहिले आहे.

पाचवे उद्दिष्ट: ऋतूची भाजी

आपले सण हे पाकशास्त्राचे पंचांगच आहे. पाडव्याला कडुनिंबाची पाने गुळाबरोबर, चैत्रात पन्हे आणि कैरीची डाळ, चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत, संक्रांतीला तीळ. हे सर्वांना ठाऊक आहे. पण वही चाळताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वर्षातून तीन वेळा आपल्याकडे अनेक भाज्या एकत्र करून एकच भाजी करण्याची रीत आहे. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून पिकलेल्या पालेभाज्या, कंद, भोपळे यांची ऋषीची भाजी. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर, धाराशिव आणि आमच्या भागातल्या काही गावांत वेळ अमावास्या होते. तेव्हा शेतात जाऊन हिरवे दाणे, शेंगा आणि भाज्या यांची भज्जी खातात, सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. आणि पौषात भोगीला वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरे घातलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

एकाच तत्त्वाचे हे तीन अवतार आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस, हिवाळ्याच्या तोंडाशी आणि भर थंडीत, शिवारात त्या वेळी जे जे असेल ते सर्व एकदा तरी पानात यावे. म्हणून आम्ही ठरविले की, या तिन्ही भाज्या विधिपूर्वक करावयाच्या, आणि प्रत्येक वेळी मंडईत जाऊन कोणती भाजी कोणत्या गावाहून आली हे विक्रेत्यांना विचारून लिहावयाचे. बटाट्याशी आमचे वैर नाही. पण अकरा वेळा येणारा पाहुणा थोडा कमी आला तरी चालेल.

सहावे उद्दिष्ट: वाटणी

शेवटचे उद्दिष्ट सर्वांना धरून ठेवणारे. मंगळवारी रात्रीचा स्वयंपाक भावाकडे, शुक्रवारचा माझ्याकडे, रविवारी सकाळचा बाबांकडे. आईने प्रथम विरोध केला. "तुमचं होईपर्यंत माझा दोनदा स्वयंपाक झाला असता," असे ती म्हणाली, आणि ते खरेच होते. कामात वाकबगार असणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा संथपणा पाहणे हेच एक काम होते. म्हणून नियम असा केला की, त्या वेळी आईने स्वयंपाकघरात यावयाचे नाही. आणि ज्याचा स्वयंपाक, त्यानेच ओटा पुसावयाचा. या दुसऱ्या नियमावाचून पहिला टिकत नाही. स्वयंपाक करून पसारा मागे ठेवणारा पुरुष 'मदत' करतो. ओटा पुसणारा वाटा उचलतो.

वर्षभराचा हिशेब

पौषात मी पुन्हा चौदा दिवस तेच पाच रकाने भरले. बटाटा अकरावरून सहावर आला. पालेभाजी तीनवरून नऊवर. उसळ दोनवरून चारवर, म्हणजे ठरल्याप्रमाणे आठवड्यातून दोनदा. भाकरी पाचवरून चौदावर. 'कोणी केले' यात आईचे नाव सव्वीसऐवजी सतरा वेळा. ठरलेल्या वाटणीपेक्षा हे अधिक बरे निघाले, कारण शाळा-महाविद्यालयाच्या सुटीत भावाने आपणहून भाकरीचे काम घेतले. आणि 'शेवटी कोण जेवले' या रकान्यात आईचे नाव सात वेळा.

हे आकडे एका घराचे आहेत. त्यावरून समाजाविषयी निष्कर्ष काढता येणार नाही याची मला जाणीव आहे. खर्च फारसा वाढला नाही. वाढली ती चर्चा. पण आकड्यांत न मावणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. श्रावणात आईने सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरली. मंगळवारी संध्याकाळी ती पुस्तक बदलून आणते. लग्नाआधी ती वाचत असे, हे आम्हां भावंडांना माहीतच नव्हते. संकल्प स्वयंपाकाचा होता, पण त्याचे फळ अशा ठिकाणी दिसले जेथे आम्ही पाहतही नव्हतो.

मित्रांना काही सूचना

ज्यांना असा प्रयोग करावासा वाटेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. उद्दिष्टे सहापेक्षा अधिक ठेवू नयेत. तीन पुरेशी आहेत. त्यांतील एक पोषणाचे, एक कौशल्याचे आणि एक वाटणीचे असावे. प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव आणि वार लिहावा. महिन्यातून एकदा वही सर्वांसमोर वाचावी. दोष काढण्यासाठी नव्हे, उद्दिष्ट अवघड असल्यास लहान करण्यासाठी.

वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्यांना हे जमणार नाही असे मानू नये. मोड आणण्यास एक वाटी आणि एक फडके लागते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ तेल सुटेपर्यंत कुटले की आपली शेंगांची चटणी होते, आणि शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात. एका पातेल्यात मुगाची खिचडी आणि मूठभर मेथी, एवढे आले तरी परीक्षेच्या दिवसांत पोट आणि पैसा दोन्ही सांभाळले जातात. मिठाकडे मात्र लक्ष असावे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि लोणचे-पापड-फरसाण यांतील मीठही त्यातच मोजावयाचे असते.

प्राध्यापकांपुढे एक विनंती ठेवते. मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांना घरच्या वडीलधाऱ्यांची मापे, पदार्थ आणि त्यांचे शब्द लिहून आणण्याचा प्रकल्प द्यावा. यात भाषा आहे, इतिहास आहे, शेती आहे आणि घरातील श्रमाचे अर्थशास्त्रही आहे. काम मुलांनाही द्यावे, केवळ मुलींना नव्हे. येत्या पाडव्याला अजून अवकाश आहे. वही आणि तराजू एवढेच भांडवल लागते, आणि शेजारी बसवून सांगणारे माणूस. पहिल्या दोन वस्तू केव्हाही विकत मिळतात.